पाकिटावर दोनशे, आत किती?

मंडळी, दिवाळी जवळ आली की वजनमापेवाल्यांच्या धाडींच्या बातम्या येतात. मिठाईवाल्याने खोक्यासकट पेढे तोलले, केस झाली, दंड झाला. चांगलंच आहे, व्हायलाच पाहिजे. पण तो मिठाईवाला निदान आपल्या डोळ्यांसमोर काटा लावतो. सीलबंद पाकिटात आपण फक्त छापलेला आकडा बघून पैसे मोजतो.

कोणी म्हणेल, मशीनवर चार ग्रॅम इकडेतिकडे व्हायचेच. मान्य. कायद्यालाही मान्य आहे. २०११ च्या आवेष्टित वस्तू नियमांत २०० ग्रॅमच्या एका पाकिटाला ९ ग्रॅमपर्यंत सूट आहे. पण त्याच नियमांतली दुसरी अट कोणी सांगत नाही. तपासलेल्या नमुन्यांची सरासरी छापील वजनापेक्षा कमी येता कामा नये. म्हणजे एक १९५ भरलं तर दुसरं २०५ भरायला हवं. आमच्या भागातल्या एका फरसाणाची (नाव घेत नाही) पाच पाकिटं मी ओळखीच्या सराफाच्या काट्यावर ठेवली. रिकामी पिशवी वजा केल्यावर एकही दोनशेला पोचलं नाही. पाच पाकिटं म्हणजे सरकारी तपासणी नव्हे, कळतं मला. पण मशीनचीच चूक असती तर एखाद्यात तरी जास्त निघालं असतं की!

आता दंडाचं गणित बघा. समजा रोज हजार पाकिटं जातात आणि प्रत्येकात ८ ग्रॅम कमी. रोजचा ८ किलो माल वाचला. ३०० रुपये किलोने २,४०० रुपये. २००९ च्या वैधमापन कायद्यात कमी वजनाच्या पहिल्या गुन्ह्याला दंड १० हजार ते ५० हजार. कमीत कमी दंड पाच दिवसांत वसूल, जास्तीत जास्त तीन आठवड्यांत. पुढे वर्ष मोकळं. शिवाय प्रकरण तडजोडीने मिटवता येतं. तीन वर्षांत पुन्हा तोच गुन्हा केला तर तडजोड नाही, असंही कलम आहे. पण त्यासाठी कोणीतरी पुन्हा तपासायला जायला लागतं ना?

केरळात थ्रिसूरच्या ग्राहक आयोगाने २०२४ मध्ये काय केलं बघा. ब्रिटानियाच्या ३०० ग्रॅमच्या बिस्किटपुड्यात ५२ ग्रॅम कमी. पुडा ४० रुपयांचा. भरपाई आणि खर्च मिळून ग्राहकाला ६० हजार द्यायला लावले, वर राज्यभर तपासणी करायला सांगितलं. पण त्यासाठी एका माणसाला चार वर्षं झगडावं लागलं. ४० रुपयांसाठी किती जण झगडतील?

कारवाईच्या प्रेसनोट माझ्याकडेही येतात. त्यात केसेसचा आकडा असतो, दंडाची रक्कम असते. पाकिटावरचं नाव नसतं. माझी मागणी तेवढीच आहे साहेब, ब्रँड, बॅच आणि किती ग्रॅम कमी, हे जाहीर करा. दंडाला न घाबरणारा धंदेवाला गिऱ्हाईक तुटायला घाबरतो.

तोवर आपण एवढं करा: वजनाची शंका आली तर पाकीट फोडू नका, बिलासकट ठेवा आणि १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा.