निदानाची फी

मागच्या पावसाळ्यात मामूंना भेटायला वरोऱ्याला निघालो होतो. बुटीबोरी मागे पडली, रिमझिम सुरू झाली आणि गाडी मिसिंग मारायला लागली. २००६ची पेट्रोल गाडी, चार सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शनची. चढावर धक्के मारायची, उभी केली की हिवताप भरल्यासारखी थरथरायची. कसाबसा जामपर्यंत पोहोचलो. हैदराबादचा महामार्ग आणि चंद्रपूरचा रस्ता जिथे वेगळे होतात, ते हे जाम.

आजार नवा नव्हता. दोन महिन्यांत शहरातल्या दोन गॅरेजांत गाडी दाखवून झाली होती. एकाने चारही प्लग बदलले. दुसऱ्याने पेट्रोल पंप बदलला आणि आता इंजेक्टरचा सेट टाकावा लागेल, असं सांगितलं. साडेआठ हजार गेले आणि गाडी होती तशीच राहिली.

जामच्या मिस्त्रीपुढे मी ही सगळी यादी वाचायला लागलो, तर त्याने थांबवलं. "काय काय बदलवलं ते मागून सांगा जी. मिसिंग कधी मारते, ते आधी सांगा." इंजिन थंड असताना की गरम झाल्यावर? उभी असताना की ओढताना? पावसात जास्त होते का? शेवटच्या प्रश्नावर मी गप्प झालो. गाडीने याआधी त्रास दिला, ते दोन्ही दिवस पावसाचेच होते. ते मला कोणी विचारलं नव्हतं आणि माझ्याही ध्यानात आलं नव्हतं.

त्याने इंजिन चालू ठेवून इंजेक्टरचे कनेक्टर एकेक करून काढले आणि परत लावले. पहिला काढला, इंजिन आणखी लडखडलं. दुसरा काढला, तेच. तिसरा काढला, तर काहीच फरक नाही. "हा कामावरच नाही," तो म्हणाला. मग चौथाही तपासला. सोबत दहावी झालेला एक पोरगा शिकत होता. त्याने विचारलं, प्लगची वायर ओढून हेच कळलं नसतं का? मिस्त्रीने समजावलं : वायर काढली तर ठिणगी बंद होते, पण पेट्रोल पडतच राहतं. ते न जळता सायलेन्सरमधल्या कन्व्हर्टरमध्ये जातं, तिथे जळतं आणि तो महागडा भाग खराब करतं. वर हाताला झटका बसायची भीती. कनेक्टर काढला की पेट्रोलच थांबतं.

दिवस मावळत आला होता. त्याने शेडमधला दिवा बंद करायला लावला आणि प्लगच्या वायरींवर लांबूनच पाण्याचा बारीक फवारा मारला. तिसऱ्या वायरीपासून इंजिनच्या लोखंडावर निळ्या ठिणग्या उडताना आम्ही तिघांनी डोळ्यांनी पाहिल्या. वायरीचं रबर तडकलं होतं. ठिणगी प्लगपर्यंत पोहोचण्याआधीच बाहेर पळत होती, ओलाव्यात तर जास्तच. त्याने जवळची एक चांगली वायर लावली आणि थरथर थांबली.

वायर ठीक असती तर? मी विचारलं. मग तिसऱ्याचा प्लग दुसऱ्यात टाकून बघायचा. मिसिंग प्लगसोबत दुसऱ्यात गेली तर दोष प्लगचा. नाही गेली तर लांब पेचकस इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावायची, टिकटिक ऐकू येते का ते बघायचं. तिथेही ठीक असेल तर कॉम्प्रेशन मोजायचं. कमी आलं तर सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून पुन्हा मोजायचं. वाढलं तर रिंगा गेल्या, नाही वाढलं तर बहुतेक व्हॉल्व्हची भानगड. दर पायरीवर खर्च कमी आणि पुरावा जास्त.

शहरात स्कॅनरही लावला होता. त्याने कोड दाखवला नाही, म्हणून तिथे अंदाज सुरू झाला. पण भारत स्टेज चार आपल्याकडे १३ मोठ्या शहरांत १ एप्रिल २०१० रोजी आलं आणि देशभर २०१७ साली. गाडीने स्वतःच मिसफायर ओळखून नोंदवायची व्यवस्था त्या नियमांसोबत टप्प्याटप्प्याने सक्तीची झाली. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत ती नाही. तिथे स्कॅनर गप्प बसला म्हणजे गाडी निरोगी, असा अर्थ होत नाही.

वीस मिनिटांनी मी पैसे विचारले. "वायरचे दोनशे द्या." आणि तुमचे? तो हसला. "माझं काय, वायर तर बदलवली."

मला बोलायचं आहे ते इथूनच. साडेआठ हजार आपण मुकाट्याने दिले, कारण हातात नवा प्लग आणि नवा पंप दिसत होता. ज्याने आजार ओळखला, त्याला द्यायला आपल्या हिशेबात रकानाच नाही. डॉक्टर नुसता तपासतो तरी आपण फी देतो, मिस्त्रीने नुसतं तपासलं तर "केलं काय?" असं विचारतो. मग ज्याची चूल सुट्या भागांच्या नफ्यावर पेटते, तो भागच विकणार. त्याच्या हाताखालचा पोरगाही तपासायला नाही, बदलायला शिकणार. दोष एकट्या गॅरेजवाल्याचा नाही, आपल्या खिशाच्या सवयीचाही आहे.

आपल्या समाजासाठी ही बाब आणखी जवळची आहे. पगारी नोकरीपेक्षा स्वतःच्या धंद्यावर जगणारे मुसलमान जास्त, हे सच्चर समितीने २००६ सालीच नोंदवलं. आपल्या किती घरांची रोटी पान्यावर चालते, हे मोहल्ल्यात फिरलं तरी दिसतं. या हुनराला मोल नसेल तर तो फक्त मजुरी होऊन राहतो. म्हणून दहावी झालेल्या पोराला सरळ गॅरेजात न टाकता आयटीआयचा मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा कोर्स करू द्या, संध्याकाळी उस्तादाकडे पाठवा. मीटर वाचणारं डोकं आणि आवाज ओळखणारा कान, दोन्ही लागतात.

आणि गॅरेजात गेल्यावर आपणही आधी ठरवून घ्यावं : दोष शोधायचे किती, दुरुस्तीचे वेगळे किती. पुरावा दाखवा म्हणावं, जुना भाग परत मागावा. शोधायचे पैसे मात्र घासाघीस न करता द्यावेत.

त्या संध्याकाळी मी मिस्त्रीला पाचशेची नोट दिली. तो गल्ल्यातून तीनशे काढायला लागला. ते तपासण्याचे आहेत, असं मला दोनदा सांगावं लागलं.