शस्त्रक्रियेआधीचा हिशेब

इंदिरानगरातील एका व्यापारी कुटुंबातली सव्वीस वर्षांची मुलगी पहाटे सायकल घेऊन बाहेर पडते आणि दहाच्या सुमारास वडिलांच्या दुकानात हिशेबाला बसते. नाशिकमध्ये यात नवल नाही. २०१५ मध्ये येथील डॉ. महाजन बंधूंनी ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली, तेव्हापासून तर अनेक घरांत सायकली आल्या. या मुलीला मात्र दोन वर्षांपासून सीटवर बसले की योनिमुखाजवळ घर्षण होऊन आग होत असे, कधी कातडी सोलवटत असे. आईजवळ तिने शब्द काढला नाही. अखेर एके दिवशी भाभीला सांगितले, तेही मोबाईलवरील एक जाहिरात दाखवून. जाहिरातीत लेबियाप्लास्टीचे ‘लग्नापूर्वीचे पॅकेज’ होते.

योनिमुखाच्या दोन्ही बाजूंस त्वचेच्या आतील घड्या असतात. वैद्यकात त्यांना लघुभगोष्ठ म्हणतात. त्या कापून लहान करण्याची शस्त्रक्रिया म्हणजे लेबियाप्लास्टी. भाभीने जाहिरात बाजूला ठेवली आणि एकच प्रश्न विचारला: “त्रास दुखण्याचा आहे, की दिसण्याचा?” मुलीने बराच वेळ विचार करून “दोन्हीचा” असे प्रामाणिक उत्तर दिले.

दिसण्याविषयीची शंका स्त्रीरोगतज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत दूर केली. लंडनमधील डॉक्टरांनी २००५ मध्ये पन्नास स्त्रियांची मापे प्रसिद्ध केली, तेव्हा या घड्यांची रुंदी ७ मिलिमीटरपासून ५० मिलिमीटरपर्यंत आढळली. एक बाजू दुसरीपेक्षा मोठी असणे, रंग गडद असणे, बाहेरून दिसणे हे सारे नैसर्गिकच. वयात येताना, बाळंतपणानंतर आणि पाळी गेल्यावरही त्यांत बदल होतो. म्हणूनच अठरा वर्षांखालील मुलींवर केवळ रूपासाठी ही शस्त्रक्रिया करू नये, असे ब्रिटनमधील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संस्थेचे मत आहे. उपवर मुलींच्या मनात भय पेरून धंदा करणाऱ्यांविषयी अधिक काही लिहायला नको.

दुखण्याबाबत डॉक्टरांनी आधी साधे उपाय सुचविले. सायकलची सीट व तिचा कोन बदलावा, गादीची शॉर्ट वापरावी, एरवी सुती व सैल कपडे घालावेत, तेथे सुगंधी साबण लावू नये, घर्षणाच्या जागी साधे मलम लावावे. तीन महिन्यांनी पुन्हा यावे. अनेकींचे काम एवढ्यावरच भागते.

दरम्यान घरात पैशांची चर्चा झाली. आरोग्य विमा आहे, मग चिंता कशाची, असे भावाचे म्हणणे. पण विमा नियामकाने ठरवून दिलेल्या अपवादांत रूप बदलण्यासाठी केलेली शस्त्रक्रिया येते. अपघात, भाजणे किंवा कर्करोग यांनंतरची पुनर्रचना, अथवा प्रकृतीला असलेला थेट व तातडीचा धोका दूर करण्यासाठी आवश्यक आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी प्रमाणित केलेला उपचार, एवढेच त्यातून सुटते. सायकलवरचे घर्षण त्यात बसवणे कठीण. “मग कागदावर गाठ लिहून घेऊ,” असे कोणीतरी सुचविले. भाभीने ते तत्काळ नाकारले, आणि ते योग्यच झाले. खोट्या कारणावर मागितलेला क्लेम उघडकीस आला तर विमा कंपनी पॉलिसीच रद्द करू शकते, आणि मग साऱ्या घराचे संरक्षण जाते. जीएसटीचेही तसेच आहे. आरोग्यसेवेला सूट असली तरी सौंदर्यशस्त्रक्रियेला ती नाही. जन्मजात दोष, वाढीतील विकृती किंवा इजा यांमुळे बिघडलेली रचना वा कार्य पूर्ववत करणारी शस्त्रक्रियाच सुटीत येते. म्हणून कर, भूल, शस्त्रक्रियागृह, औषधे आणि पुन्हा टाके घालावे लागल्यास येणारा खर्च यांचे अंदाजपत्रक लेखी मागावे. दुकानात मालाचे कोटेशन घेतल्याविना व्यवहार न करणारी माणसे रुग्णालयात मात्र तोंडी आकड्यावर विसंबतात.

तीन महिन्यांनंतर त्रास कमी झाला, गेला नाही. मुलीने शस्त्रक्रियेचा निर्णय घेतला. डॉक्टरांची पदवी आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलमधील नोंदणी तिने स्वतः तपासली. प्लास्टिक सर्जरीतील एम.सीएच. पदवीधारक किंवा या कामाचा अनुभव असलेले स्त्रीरोगतज्ज्ञ हवेत. ‘कॉस्मेटोलॉजिस्ट’ ही पाटी म्हणजे शस्त्रक्रियेची पात्रता नव्हे. कडा छाटणार की मधला त्रिकोणी भाग काढून टाके घालणार, हेही तिने विचारले. रक्तस्राव, संसर्ग, टाके उसवणे, दोन्ही बाजूंत फरक राहणे, व्रण दुखणे, संवेदना कमी होणे हे धोके डॉक्टरांनी न विचारता सांगितले. कापलेले परत जोडता येत नाही, म्हणून थोडे कमीच काढणे बरे, असेही ते म्हणाले. विश्वास बसला तो या वाक्याने.

संमतिपत्राच्या वेळी कर्मचाऱ्याने वडिलांची सही मागितली. भाभीने तो कागद मुलीपुढे सरकवला. २००८ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात याच विषयावर निर्णय दिला आहे. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या अविवाहित स्त्रीने केवळ तपासणीच्या लॅपरोस्कोपीला संमती दिली होती. ती भुलेखाली असताना आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशय काढण्यात आले. रुग्ण सज्ञान असताना आणि जीवावरचा प्रसंग नसताना आईची संमती चालत नाही, असे न्यायालयाने म्हटले. मुलीने कागद दोनदा वाचला, ‘आवश्यक वाटेल ती अन्य शस्त्रक्रिया’ ही ओळ खोडायला लावली आणि सही केली. त्याची प्रतही घेतली. पुढे उपचाराची कागदपत्रे हवी असल्यास मागणी केल्यापासून ७२ तासांत देणे डॉक्टरांवर बंधनकारक आहे, हे तिने वहीत टिपून ठेवले.

वडिलांना एवढेच सांगितले आहे की लहानशी शस्त्रक्रिया आहे आणि ती चार-पाच दिवस दुकानात येणार नाही. सायकल सहा आठवडे जिन्याखाली उभी राहील.