कुंकवाचा रंग कोणी ठरवायचा?

जुने चित्रपट आता घरबसल्या पाहावयास मिळतात, ही आमच्या पिढीची मोठीच सोय झाली आहे. खुलताबादेत राहणाऱ्या आणि घराण्यात पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या माझ्यासारख्याला ‘प्रभात’ची ओळख मोबाईलवरच झाली. पण घरी येतो तो चित्रपट खरोखर तोच असतो काय?

‘संत तुकाराम’ (१९३६) घ्या. त्या काळचे चित्र साधारण चारास तीन या प्रमाणाचे; आजचा पडदा सोळास नऊ. बाजूच्या काळ्या पट्ट्या नकोत म्हणून कोणी चित्र आडवे ताणतो. मग वाटोळे टाळ लंबगोल होतात. उरुसातल्या तंबूत हा चित्रपट पाहिलेली माझी आजी ताणलेली प्रत पाहून म्हणाली, “तुकाराम महाराज एवढे जाड कव्हा झाले रे?” कोणी वरखाली कापतो, तेव्हा चित्राचा चक्क पाव भाग जातो!

रंगाचा प्रश्न याहून अवघड. ‘प्रभात’ने १९३३ साली ‘सैरंध्री’ जर्मनीत रंगीत छापून घेतला. तो प्रयोग फसला. पुढे १९३७ साली शांतारामबापूंनी ‘कुंकू’ काढला तो कृष्णधवलच. नाव कुंकू, पण पडद्यावर लाल ठिपकाही नाही! तरी शांता आपटे यांच्या कपाळावरची ती गडद खूण डोळ्यांत भरते. उद्या यंत्राने ती लाल केली, तर लुगड्याचा आणि भिंतीचा रंग कोणाच्या मर्जीने ठरणार?

काहीजण म्हणतील, रंग दिल्याने नवी मुले चित्रपट पाहतील. २००४ साली ‘मुगल-ए-आझम’ रंगीत होऊन पुन्हा लागला. त्याचा काही भाग मुळातच रंगीत होता, तेव्हा तेथे थोडा आधार तरी होता. ‘कुंकू’ला तो आधार नाही.

आपल्याच जिल्ह्यातील अजिंठ्याचा धडा आठवावा. चित्रे उठून दिसावीत म्हणून एकोणिसाव्या शतकात त्यांवर वार्निश चढविले गेले. ते पिवळे पडले, खालचे रंग झाकले गेले आणि पुढे जाणकारांना ते जपून काढत बसावे लागले. तेथे निदान खाली मूळ चित्र होते. चित्रपटाचे तसे नाही. २००३ साली पुण्यात लागलेल्या आगीत ‘प्रभात’च्याही जुन्या नायट्रेट फिल्मी जळाल्या. मूळ गेले की हाती उरेल ती प्रतच खरी ठरते.

शहरातल्या रसिकाला चांगली प्रत कोठेतरी पाहावयास मिळते. खेड्यातल्या मुलाला मोबाईलवर येईल तोच ‘तुकाराम’. म्हणून वाटते, रंग भरा, पण मूळ प्रतही सोबत द्या आणि काय बदलले ते आरंभीच स्पष्ट लिहा.

आणि मित्रहो, आपणही काही करू शकतो. प्राध्यापकांनी मनावर घेतल्यास सांस्कृतिक मंडळाने एका शनिवारी ‘कुंकू’ सभागृहात दाखवावा, चारास तीन प्रमाणात, न ताणता, न कापता. बाजूच्या काळ्या पट्ट्या तेवढ्या चालवून घ्याव्यात.