चहा पिऊन सही नको!

प्रशासनाचे परिपत्रक आले की आम्ही एकेका कलमाचा कीस काढतो. आणि तेच आम्ही, लीजवर नवी मोटार घेताना, शोरूममधला चहा संपायच्या आत वीस ठिकाणी सह्या करून मोकळे होतो! ही कसली जागरूकता?

बंधूंनो, लीज म्हणजे खरेदी नव्हे. भाडे आपले, मालकी कंपनीची. मुदत संपली की गाडी परत. जाहिरातीत मासिक भाडे ठळक. त्यावरचा जीएसटी, अनामत, मुदतीआधी गाडी परत केल्यास दंड, 'अवाजवी झिजे'ची भरपाई, हे सारे बारीक अक्षरांत. वर्षाला १० हजार किलोमीटरची मर्यादा असेल, तर रोजचे भरतात अवघे २७. पुढच्या प्रत्येक किलोमीटरला जादा पैसे. बदली होवो की सेवानिवृत्ती येवो, भाडे चुकत नाही.

'छापील करार बदलत नाही,' असे एजंट सांगतो. प्रत्येक वाटाघाटीत पहिल्या दिवशी आम्हाला हेच ऐकवले जाते! म्हणून करारपत्र आधी घरी आणा. सगळ्या रकमांची बेरीज करा. झीज कशाला म्हणणार ते लेखी घ्या, किलोमीटर वाढवून मागा. नाही म्हणाले, तर उठून या. संपापेक्षा ते नक्कीच सोपे आहे.