बाहेरचा पैसा घेताना गावाने काय विचारावे?

गावात 'वर्ल्ड बँकेची योजना आली' असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न ठरलेला असतो, आपल्या गावाला किती? हा पैसा दिलाय की उसना दिलाय, हे ग्रामसभेत सहसा कोणी विचारत नाही. ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणायचे) उद्दिष्ट गाठायचे असते, सरपंचाला फलक लावायचा असतो, आणि आपण शेतकरी मंडळी 'मिळतंय तर घ्या की' म्हणून मोकळे होतो. पोकरा, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, याचा दुसरा टप्पा मंजूर झाला आहे. तेव्हा थोडे स्पष्ट बोलणे भाग आहे.

उदाहरणासाठी लांब जायला नको, शेजारचा लातूर जिल्हा आहेच. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक झोपले आणि चारच्या सुमाराला किल्लारी, सास्तूर भागातली दगडमातीची घरे अंगावर कोसळली. हजारो माणसे गेली. देशोदेशीची मदत धावून आली आणि १९९४ मध्ये जागतिक बँकेने सुमारे २४.६ कोटी डॉलर मंजूर केले. हा पैसा वाईट होता असे कोणी म्हणू नये. त्या थंडीत पत्र्याखाली बसलेल्या माणसाला तो कुठून आला याच्याशी काय देणेघेणे? पण तोच पैसा दोन तऱ्हांनी खर्च झाला, आणि त्या दोन तऱ्हांचा हिशेब आपण नीट मांडलाच नाही.

एक तऱ्हा नव्या गावांची. ५२ गावे जुन्या जागेवरून उठवली. लोकांनाही जुन्या दगडांची धास्ती बसली होती, हे मान्य. पण नवी गावे आखली ती शहरातल्या कॉलनीसारखी. सरळ रुंद रस्ते आणि रांगेत उभी घरे. भूमिहीनाला आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, मधल्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. आता अडीचशे फुटांत बैल कुठे बांधायचे, कडबा कुठे रचायचा, लग्न झालेल्या दुसऱ्या लेकाने कुठे राहायचे? लोकांनी मग आपल्या हाताने भिंती घातल्या, छपरे काढली, अंगणे वळवून घेतली. रस्ते लांबले, नळाची पाइपलाइन लांबली, दिव्यांचे खांब वाढले. त्यांच्या देखभालीचा बोजा पडला तो ग्रामपंचायतीवर, आणि तोवर बांधून देणारे निघून गेले होते.

दुसरी तऱ्हा दुरुस्तीची. हजारावर गावांत पावणेदोन-दोन लाख घरांना जागेवरच मदत मिळाली. पैसे मालकाच्या खात्यावर हप्त्याहप्त्याने, गवंडी त्याच्या पसंतीचा, देखरेखीला सरकारी इंजिनिअर. गावातल्या महिला मंडळांना 'संवाद सहायक' नेमले. ज्या बायांना चारचौघांत कोणी बोलू देत नव्हते, त्या इंजिनिअरला सिमेंट किती आणि सळई कुठे हे विचारू लागल्या. पुष्कळांनी जुने घर बळकट करण्याऐवजी त्याच पैशातून शेजारी एक नवी खोली काढली. कागदावर ते बसत नसेल, पण घराचा मालक तो, निर्णयही त्याचा. माझ्या मते त्या सगळ्या कार्यक्रमात खरे टिकाऊ काम झाले ते हेच. बँक तीच, डॉलर तेच. फरक होता तो कोणाला विचारून खर्च केला याचा.

आणि ही 'मदत' म्हणजे कर्ज होते. जागतिक बँकेची सवलतीची शाखा त्या काळी आपल्या देशाला ३५ वर्षांच्या मुदतीने, पहिली दहा वर्षे मुद्दल न मागता, नाममात्र सेवाशुल्कावर पैसा द्यायची. १९९४ मध्ये ३५ मिळवा. २०२९ येते. किल्लारीचा भूकंप ज्यांनी पाहिला नाही, त्यांच्या करातूनही तो फिटतो आहे. शिवाय दिल्लीला स्वस्तात मिळालेला असा पैसा राज्यांना देताना त्या काळी ३० टक्के अनुदान आणि ७० टक्के कर्ज अशी वाटणी असे, आणि त्या कर्जाला व्याज दिल्लीच्या दराचे. २००५ नंतर ही पद्धत बदलली.

१९७२ चा दुष्काळ आठवणाऱ्यांना अमेरिकेचा लाल मिलो आठवतो. त्याच्या भाकरीची चव अजून लोक सांगतात, कौतुकाने नव्हे! मिलो खाऊन संपला. टिकली ती त्या दुष्काळी कामांतून वाढलेली रोजगार हमी. वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७७ मध्ये कायदा झाला, आणि तिचा खर्च निघाला व्यवसाय करासारख्या आपल्याच करांतून. पुढे २००५ मध्ये देशाने तसाच कायदा केला. आपल्या पैशाची योजना असली की मजूरही तहसीलवर मोर्चा नेतो, 'काम द्या' म्हणून ठणकावतो. परदेशी बँकेच्या दारात मोर्चा कसा नेणार?

आफ्रिकेत केनियात तुर्काना सरोवर आहे. तिथल्या जनावरे पाळणाऱ्या लोकांना मासेमारी शिकवावी म्हणून नॉर्वेने मासे गोठवण्याचा कारखाना बांधला. १९८० च्या सुमारास तो उभा राहिला आणि थोड्याच दिवसांत बंद पडला. गोठवायला लागणारी वीज आणि स्वच्छ पाणी परवडेना. आम्हा विष्णुपुरीकरांना हे वेगळे समजवायला नको. गोदावरीचे पाणी उपसायचे तर बिल आलेच, आणि पंप देणारा बिल भरायला येत नाही.

आता पोकरा. पहिल्या टप्प्यासाठी २०१८ मध्ये जागतिक बँकेचे ४२ कोटी डॉलर कर्ज होते. शेततळी, ठिबक, शेडनेट झाले, अनुदान थेट खात्यावर आले, मधला दलाल कमी झाला. चांगलेच झाले. पण अनुदान मिळते ते आधी स्वतः खर्च केल्यावर. ज्याच्या गाठीला पैसा किंवा सोसायटीत पत नाही, तो कोरडवाहूवाला अर्ज करूनही मागेच राहतो. शेततळ्याचे प्लॅस्टिक काही वर्षांत फाटते, ते नव्याने अंथरायचे कोणी? राज्यातल्या २६ जिल्ह्यांत जलस्वराज्य राबले, तेव्हाही दहा टक्के लोकवर्गणीची अट होती. ती परस्पर कंत्राटदारानेच भरल्याच्या तक्रारी गावोगाव ऐकू येत. वर्गणी त्याने भरली म्हणजे जाब विचारायची सोयही गेली.

सरपंच मंडळींना सांगणे एवढेच, की दुसऱ्या टप्प्याचा आराखडा बंद खोलीत भरून पाठवू नका. लाभार्थींची यादी ग्रामसभेत मोठ्याने वाचा. त्यात दोन एकराच्या आतले किती, बायांच्या नावाचे सातबारे किती, हे तिथेच मोजा. ज्याला आधी पैसा घालता येत नाही त्याच्यासाठी बँकेच्या शाखाधिकाऱ्याला त्याच सभेला बोलवा. तो आला नाही, तर तसे इतिवृत्तात लिहून घ्या.