बिडकीनमध्ये हार्ट अटॅक आला, तर आधी काय हवं? अँजिओप्लास्टी नाही, ईसीजी!

टोयोटा किर्लोस्करने 2024 मध्ये कारखान्यासाठी करार केला आणि बिडकीनचं नाव राज्यभर झालं. जमिनीचे भाव, नोकऱ्या, पैठण रोड, सगळ्यावर बोलून झालं. पण पाळ्यांमध्ये काम सुरू झाल्यावर रात्री दोनला कुणाच्या छातीत कळ आली, तर काय?

आपलं उत्तर ठरलेलं: गाडीत घाला आणि संभाजीनगर गाठा. अंतर पंचवीसेक किलोमीटर, फार वाटत नाही. पण "गॅस असेल" म्हणत सोडा पिण्यात गेलेला वेळ धरा. मग गाडी शोधणं, शहरातली गर्दी, दवाखान्यातले कागद, आणि रात्री अँजिओप्लास्टीची टीम जमेपर्यंतची वाट.

हृदयाची रक्तवाहिनी पूर्ण बंद पडली असेल, तर नियम असा आहे: रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी. निदानानंतर दोन तासांत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर डॉक्टरांनी गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जवळच द्यायचं (ब्रेन हॅमरेजसारखा धोका नसेल तर) आणि मग रुग्णाला मोठ्या हॉस्पिटलला पाठवायचं.

हे कागदावरचं नाही. तामिळनाडूत छोटी हॉस्पिटलं मोठ्यांना जोडून हीच पद्धत राबवली गेली. 2,420 रुग्णांचा हा अभ्यास 2017 मध्ये 'जामा कार्डिऑलॉजी'त आला. वर्षभरातल्या मृत्यूंचं प्रमाण 17.6 टक्क्यांवरून 14.2 टक्क्यांवर आलं होतं.

आता गंमत बघा. ईसीजीच्या पट्ट्या नीट लावणं, आलेख बघून "सर, लगेच या" म्हणणं, इंजेक्शननंतर रक्तस्राव होतोय का यावर नजर ठेवणं, हे बहुतेक वेळा नर्स करते. कौतुक मात्र स्टेंटचं होतं.

स्टेंट बसल्यावर तर खरी कसोटी. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या साधारण वर्षभर घ्याव्या लागतात. "आता बरं वाटतंय" म्हणून मनानेच बंद केल्या, की स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. बीपीचंही तेच. 2017 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय उच्च रक्तदाब उपक्रमात आपले सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा जिल्हे होते. तिथली युक्ती साधी होती: ठरलेली मोजकी औषधं, महिन्याभराच्या गोळ्या एकदम, आणि न आलेल्या रुग्णाचा पाठपुरावा.

नर्सिंगचं शिक्षणही बदलतंय. 2021 मध्ये बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम सेमिस्टर पद्धतीचा झाला, 2023 मध्ये 1947 चा जुना कायदा बदलून राष्ट्रीय आयोगाचा कायदा आला. पण कायद्याने ईसीजी वाचता येत नाही, त्याला हाताखालून पट्ट्या जाव्या लागतात.

बिडकीनला येणाऱ्या कंपन्या सीएसआरचा पैसा कुठे लावणार, हे अजून ठरायचं असेल, तर गावाने मागणी करताना चकचकीत अ‍ॅम्ब्युलन्सच्या आधी ईसीजी मशीन आणि रात्रपाळीच्या नर्सचं प्रशिक्षण मागावं.