मुलीची फी माफ, मग पैसे कशाचे?

कुपवाड एमआयडीसीतल्या कामगाराची मुलगी इंजिनिअरिंगला जायचे म्हणते. पुण्याचे कमिन्स महिला अभियांत्रिकी की मुंबईतली एसएनडीटीची उषा मित्तल संस्था? घरात पहिला प्रश्न येतो, 'सवलत कुठे जास्त?' विचारायला हवे ते वेगळेच : सवलत वजा जाता चार वर्षांत खिशातून किती जाणार?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार ८ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील ईडब्ल्यूएस, एसईबीसी व ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पूर्वी निम्मेच होते. मात्र प्रवेश कॅप फेरीतून हवा. त्याच कॉलेजात, त्याच शाखेला व्यवस्थापन कोट्यातून जागा घेतली, की माफी गेली. खासगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठेही योजनेबाहेर. तिथली 'स्कॉलरशिप' संस्थेची स्वतःची. दुसऱ्या वर्षी ती किती गुणांवर टिकते, हे लेखी घ्यावे.

विकास शुल्क, अनामत, हॉस्टेल, मेस यांना ही माफी नाही. गाव सोडणाऱ्या मुलीचा मोठा खर्च नेमका हाच, आणि सरकारने तो वगळला ही योजनेतली खरी उणीव. एआयसीटीईची 'प्रगती' शिष्यवृत्ती वर्षाला ५० हजार देते, पण निवडीनुसार. दोन्ही लाभ एकत्र मिळतीलच असे धरू नये.

सांगलीचे वालचंद फक्त मुलींचे नाही, पण घरून बसने गाठता येते. पुण्यातली शंभर टक्के माफी त्यापेक्षा महाग पडू शकते.